तिराती रंगाची चिठ्ठी

रंगाऱ्याच्या मुलीनं पिशवीतून आधी एक चिठ्ठी काढली, मग कापडाचा एक तुकडा, आणि मग रुमाल. रुमाल डोळ्यांना लावून ती जी बसली, ती पाच मिनिटं बोलेचना.

रडणाऱ्या बाईसमोर काय करावं, हे भाऊजींना जन्मात कळलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, मग मागे घेतला, त्यात माशीबिशी पडली नाही ना ते पाहिलं, आणि परत पुढे सरकवला.

"भाऊजी, पेल्याला फिरवून आणलंत ना? आता तिला पिऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

दारावरची 'खासगी तपास' ही पाटी दादांनी लावलेली. दादा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता पाटी उतरणार. पाटी राहिली आणि दादांच्या खुर्चीत वहिनी येऊन बसल्या. भाऊजी म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. नजर मंदावली तसं दुकान बंद केलं आणि ते वहिनींच्या मदतीला आले. मदत ती काय, तर वहिनींना जे सोमवारी कळायचं, ते ह्यांना गुरुवारी कळायचं. घड्याळजी असून कायम उशिरा, असं वहिनी चारचौघांत म्हणायच्या आणि भाऊजी सगळ्यांत आधी हसायचे.

"बोल बाळ," वहिनी म्हणाल्या.

"माझे बाबा रंगाच्या कारखान्यात रंगारी होते. बावीस वर्षांपूर्वी तिथे वाफेचा नळ फुटला. बाबा आणि वाफेचा बंब सांभाळणारे बंबवाले काका, दोघंही जागच्या जागी गेले. मी सात वर्षांची होते." तिनं चिठ्ठी पुढे केली. "चार महिन्यांनी चौकशी लागली, तेव्हा ही निघाली. तेव्हापासून सगळे म्हणतात, रंगाऱ्यानं बंबवाल्याचा जीव घेतला."

वहिनींनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "तिसरी टाकी. तिराती, दोन तागे. वाफेचं चाक उघडं ठेवलं आहे. मी परत येऊन बंद करीन." खाली अपघाताच्या दिवसाची तारीख होती.

"ही कसली पद्धत?" भाऊजींनी विचारलं.

"काम सुटताना रंगारी प्रत्येक टाकीच्या कडीला चिठ्ठी बांधून जातो, काका. टाकीत काय आहे, कुठला रंग, चाक उघडं की बंद. सकाळच्या माणसाला कळावं म्हणून. टाकी रिकामी झाली की चिठ्ठी दारामागच्या खिळ्याला टोचतात. ही तिथेच सापडली, तारखेच्या जागी."

"अक्षर बाबांचं?"

"त्यांच्या बाकीच्या चिठ्ठ्यांशी तंतोतंत जुळतं. तेच तर माझं नशीब!" तिचा आवाज चिरकला. "पण बाई, बाबा चाक उघडं ठेवून जाणारच नाहीत. रोज सहाच्या आत ते बंद व्हायचं, नाहीतर वाफेचा सगळा जोर नळावर यायचा. आम्ही मिळून करायचो. शाळा सुटली की मी कारखान्यात. चाकाचे आधीचे वेढे बाबांचे, शेवटचा माझा. मला खोक्यावर उभं करायचे."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी घरी होते. ताप होता, असं आई सांगते. मला कुठलं आठवतंय? आठवतं ते एवढंच, की बाबांनी गालाला निळं बोट लावलं होतं. ते गेल्यावर तीन दिवस तो डाग गालावर तसाच होता. घरात माणसांची रीघ, माझं तोंड धुवायचं कुणाला सुचणार?"

भाऊजींनी नाक शिंकरलं.

"येत्या रविवारी कारखान्याच्या फाटकापाशी दगड बसवतायत. कामावर असताना गेलेल्यांची नावं त्यावर. बाबांचं नाव नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत पुरावा आणा, म्हणतात मालक, नाहीतर दगड जाईल कोरायला." तिनं कापडाचा तुकडा टेबलावर पसरला. "हा बघा बाबांचा रंग. तिराती. असा दुसऱ्या कुठल्याही कारखान्यात होत नाही. बाबांनीच शोधला असणार."

रंग धड निळा नव्हता, धड जांभळा नव्हता, आणि राखाडी म्हणावं तर तेही नाही. जुन्या शाईत पाणी पडावं तसा काहीतरी होता.

"तिराती म्हणजे काय गं?" भाऊजींनी विचारलं. "तपकिरी म्हणजे तपकिरीचा, अंजिरी म्हणजे अंजिराचा. तिराती कशाचा?"

मुलगी गोंधळली. "तिराती म्हणजे... तिराती. असाच म्हणतात."

वहिनी चष्मा पुसायच्या थांबल्या. "भाऊजी, आज सूर्य कुठून उगवला? अगदी नेमका प्रश्न विचारलात."

भाऊजी इतके खूश झाले, की तो नेमका का, हे विचारायचं राहूनच गेलं.

*

मालकांच्या खोलीत भिंतभर कापडाचे नमुने होते. मालक गोल, गोरे आणि घाईत होते.

"बाई, मी काही कसाई नाही. पण बंबवाल्याची मुलं अजून गावात आहेत. त्यांच्या बापाच्या नावाशेजारी त्याचं नाव लावू? दगड फोडतील माझा."

"वाफेचा तो नळ किती जुना होता?" वहिनींनी विचारलं.

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जुना होता."

"म्हणजे चिठ्ठी निघाली नसती, तर दोष तुमच्यावर आला असता."

"खोटं कशाला बोलू? चिठ्ठी निघाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पण लिहिली नाही हो मी. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही." टेबलावरचा एक कागद त्यांनी पुढे केला. खरंच, कोंबडी नाचून गेली होती.

"तिराती हे नाव कुठून आलं?"

"ते होय? त्या नावाचं एक बंदर होतं म्हणे पूर्वी. तिथून रंग यायचा. वडील सांगायचे बहुतेक."

समोरच्या कापडाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं की तिराती नावाचा पक्षी असतो आणि त्याच्या पोटाचा रंग असा असतो. पाहिलाय का, तर नाही. त्याच्या बायकोच्या मते ते जुन्या काळच्या एका राणीचं नाव होतं.

"बंदर, पक्षी आणि राणी," रस्त्यावर येऊन भाऊजी म्हणाले. "वहिनी, आपण खुनी शोधतोय की शब्दकोश लिहितोय?"

"खून कुणी केलाय म्हणाले मी?" वहिनी म्हणाल्या आणि चालू लागल्या.

*

मुकादम निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी रोज सकाळी कारखान्यात येऊन बसत. त्यांची नखं अजून निळी होती.

"ती जात नाहीत आता. चितेवरच जातील," ते हसून म्हणाले. "रंगाऱ्याची ओळखच ती. कोपरापर्यंत निळा. तो तर जेवायला बसला की भाकरीला बोटं उमटायची."

दारामागच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांनी आणून दिला. वहिनींनी रंगाऱ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून उजेडाकडे धरल्या. मग भाऊजींकडे दिल्या.

"काय दिसतं?"

"सुंदर अक्षर," भाऊजी म्हणाले. "स्वच्छ. एक डाग नाही कुठे."

"मोत्यासारखं अक्षर," मुकादम म्हणाले. "माणूसही तसाच होता हो. चिठ्ठी निघाली तेव्हा माझा विश्वास बसेना."

"ह्या तिरातीचं काय? कुणी बंदर म्हणतं, कुणी पक्षी."

मुकादमांनी कपाळावर हात मारला. "काय काय उठवतील! आम्हीच ठेवलेलं नाव आहे ते. अपघात झाला तसं पोलिसांनी टाळं ठोकलं. तीन राती कारखाना बंद. चौथ्या दिवशी आत आलो, तर तिसऱ्या टाकीत दोन तागे तसेच पडलेले. साधे निळे करायला टाकले होते, तासाभरात काढायचे. ते तीन राती मुरले. बाहेर काढले तर हा असा रंग. मालक म्हणाले, फेका. मी म्हटलं, राहू द्या. एका गिऱ्हाइकाला आवडला, मग दुसऱ्याला. आम्ही आपले म्हणायचो, ते तीन रातींचं कापड काढ रे, तिराती काढ. दोन महिन्यांत गावभर झालं. आता कुणाला मूळ ठाऊकच नाही."

मागे राहिलेल्या कापडालाही नाव मिळालं आणि माणसाचं पुसलं गेलं, असं काहीतरी भाऊजींच्या मनात आलं. त्याच्या पुढे काही ते गेले नाहीत.

"त्या संध्याकाळी इथे कोण कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"रंगारी, बंबवाला आणि पुढच्या खोलीत रंगाऱ्याची बायको. ती नमुने चिकटवायची वहीत. मी बाहेर गाडी भरत होतो."

"आणखी कुणी?"

"बाहेरचं कुणी नाही," मुकादम म्हणाले, आणि पायातच असलेली चप्पल शोधायला वाकले.

*

रंगाऱ्याच्या बायकोचं घर दोन खोल्यांचं, लख्ख होतं. फळीवर डबे ओळीनं मांडलेले आणि प्रत्येकावर कागदाची पट्टी. साखर, मीठ, रवा. भाऊजींना चष्म्याशिवायसुद्धा वाचता आलं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

"सोडून द्या ना हो बाई," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला नावाचं काय? पोरगी वेडी झालीये. झोपत नाही, शिवणाची गिऱ्हाइकं खोळंबलीयेत. तुम्ही तिला सांगा, काही सापडलं नाही म्हणून."

"तुम्हाला वाटतं, त्यांनी चाक उघडं ठेवलं?"

"चिठ्ठीत लिहिलंय ना."

"शिकले होते किती?"

"हाताला अक्कल होती त्यांच्या," ती म्हणाली आणि चहा गाळायला उठली.

"मुलगी त्या दिवशी तापानं घरी होती म्हणे."

"फणफणली होती. शेजारणीपाशी ठेवून गेले होते मी."

"रंगाऱ्याचं घर इतकं स्वच्छ ठेवणं सोपं नसेल."

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "उशीवर एक डाग पडू दिला नाही कधी. पोरगी कारखान्यातून आली की आधी मोरीवर. घासूनपुसून तोंड, मग जेवण. एक दिवस चुकला नाही." कप ठेवताना मात्र चहा बशीत सांडला.

बाहेर पडल्यावर वहिनी भराभर चालत सुटल्या. कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "भाऊजी, ही केस घ्यायलाच नको होती."

"का? सुटत नाही?"

"सुटली. म्हणूनच."

*

शुक्रवारी दुपारी मालकांच्या खोलीत सगळे जमले. मालक, मुकादम, रंगाऱ्याची बायको आणि मुलगी. दगड कोरणारा बाहेर बाकावर बसून होता. मुलीचे डोळे वहिनींवरून हलत नव्हते.

"चिठ्ठी खोटी आहे," वहिनी म्हणाल्या.

मुलीनं तोंडावर हात घेतला.

"चिठ्ठीत लिहिलंय, तिसऱ्या टाकीत तिराती, दोन तागे. मुकादम, त्या संध्याकाळी रंगाऱ्यानं टाकीत काय टाकलं होतं?"

"निळं. साधं निळं," मुकादम म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. "अरे देवा!"

"तिराती झालं ते तीन राती गेल्यावर. नाव पडलं त्याच्याही नंतर. त्या संध्याकाळी हा रंग जगात नव्हता आणि हा शब्दही नव्हता. रंगाऱ्यानं तो कधी ऐकला नाही, रंग कधी पाहिला नाही." वहिनी मुलीकडे वळल्या. "तुला वाईट वाटेल बाळ, पण हा रंग तुझ्या बाबांनी शोधलेला नाही. ते गेले म्हणून तो झाला."

मुलगी नुसती मान हलवत राहिली.

"चिठ्ठी लिहिली गेली ती चौकशीच्या वेळी, चार महिन्यांनी," वहिनी म्हणाल्या. "तोपर्यंत त्या दोन तागांना इथे सगळे तिरातीच म्हणत होते. लिहिणाऱ्याच्या जिभेवर तोच शब्द, तोच हातून उतरला. चौकशीचा साहेब बाहेरचा, त्याला काय कळणार? इथल्या माणसांना कळायला हवं होतं, पण शब्द रोजचा झाला की तो कालपरवा आला हे कुणाच्या लक्षात राहतं? मालक, पटतंय?"

मालकांनी नमुन्यांची जुनी वही काढली, पानं उलटली. तिरातीच्या तुकड्याखाली तारीख होती. त्यांनी ती दोनदा वाचली. "पटतंय. बोलवा त्याला. नाव कोरायला सांगतो. बंबवाल्याच्या मुलांना मी स्वतः जाऊन समजावीन."

मुलगी ढसाढसा रडली. भाऊजींनी ह्या वेळी पेला न फिरवता सरळ तिच्या हातात दिला. काम फत्ते झालं होतं. वहिनी मात्र पर्स उचलून निघायच्या बेतात होत्या, आणि हे भाऊजींना चमत्कारिक वाटलं. एरवी शेवटचा धागा उलगडल्याशिवाय त्या खुर्ची सोडत नसत.

"थांबा बाई," मुलीनं डोळे पुसले. "मग लिहिली कुणी?"

"नाव लागलं ना? झालं तर."

"असं कसं झालं? बावीस वर्षं बाबांना खुनी म्हणवून घेतलं कुणीतरी. अक्षर तर त्यांचंच आहे!"

"अक्षर त्यांचं नाही," वहिनी नाइलाजानं म्हणाल्या. "एकही चिठ्ठी त्यांची नाही. कोपरापर्यंत निळा माणूस, भाकरीला बोटं उमटायची, आणि चिठ्ठ्यांवर एक डाग नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि दुसरं कुणीतरी कोरड्या, स्वच्छ हातांनी लिहून द्यायचं. त्यामुळे चिठ्ठी जुळवून बघायची तर ती त्याच हाताशी जुळणार. पण हे सगळं आता..."

साखर, मीठ, रवा. भाऊजींच्या डोळ्यांसमोर डबे आले.

"मी लिहिली," रंगाऱ्याची बायको म्हणाली.



"चौकशी संपेपर्यंत कारखाना धड चालत नव्हता. कुणाचं तरी नाव लागल्याशिवाय ती संपणार नव्हती. मला नोकरी हवी होती. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, असं वाटलं. लिहिली आणि खिळ्याला टोचली." ती हे पाठ केल्यासारखं बोलत होती.

"नोकरीसाठी?" मुलगी म्हणाली. "आई, नोकरीसाठी?"

"हो."

"शाळेत पोरं मला काय म्हणायची, ते तुला माहीत होतं. मी घरी येऊन तुझ्याच मांडीवर रडायचे!"

"हो."

मुलगी उठली आणि दार उघडं टाकून बाहेर गेली. मालक आणि मुकादम तिच्या पाठोपाठ, दगडवाल्याशी बोलण्याच्या निमित्तानं, सटकले.

"का खोटं बोललात?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कळलंय सगळं. त्या दिवशी चहा घेताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हाच मला कळलं."

भाऊजींना कळलं नव्हतं. पण आता त्यांच्या डोक्यात एकेक दात दुसऱ्यात अडकून चाक फिरायला लागलं, आणि ते थांबवावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. एक दिवस चुकला नाही, पोरगी आली की आधी मोरीवर. मग गालावरचं ते बोट आदल्या दिवसाचं असूच शकत नव्हतं. ते त्याच दिवशी लागलं होतं, कारखान्यात, आणि त्या रात्री पहिल्यांदाच तिचं तोंड कुणी धुतलं नाही. मुकादम म्हणाले होते, बाहेरचं कुणी नाही. घरचं होतं.

"ती आली होती," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"रोजच्यासारखी. पावणेसहाला मी तिला घेऊन घरी गेले," रंगाऱ्याची बायको म्हणाली. "घरी पोचतो न पोचतो तोच आवाज झाला. रात्री बायका रडत होत्या, आणि हिला अजून काही कळलेलंच नव्हतं. कुशीत येऊन म्हणाली, आई, आज बाबा दुसऱ्या टाकीतलं कापड काढत होते ना, तर मी एकटीनं चाक फिरवलं. सगळेच्या सगळे वेढे. बाबांना सांगू नकोस, मी उद्या सांगणार आहे."

वहिनींनी डोळे मिटले.

"उलटं फिरवलं होतं हो तिनं. बंद करायचं ते पूर्ण उघडलं. पोलिसांना तसंच सापडलं. पुढे मी तिला सांगत राहिले, तुला ताप होता, तू घरी होतीस. सांगून सांगून ती विसरली. मुकादमांनी पाहिलं होतं तिला, ते गप्प राहिले. मग चार महिन्यांनी साहेब म्हणाला, रंगाऱ्याची मुलगी रोज यायची असं ऐकतो, उद्या तिच्याशी बोलू. उद्या! माझ्या हातात एक रात्र होती. मी काय करणार होते, सांगा ना. त्यांना विचारता आलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं, लिही म्हणून."

"लहान होती ती," भाऊजी म्हणाले. "सात वर्षांचं लेकरू. तिचा काय दोष? आता मोठी झालीये, समजून घेईल..."

"तुम्ही सांगाल तिला?" तिनं विचारलं. "तुझ्या हातानं तुझा बाप गेला, हे सांगाल?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असे, पण आज त्या नुसत्या पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत बसल्या होत्या.

"मग बसू दे मला दोष देत," ती म्हणाली. "आईला दोष देऊन माणूस जगू शकतं."

*

भाऊजी एकटेच बाहेर आले. मुलगी फाटकापाशी उभी होती. डोळे लाल होते, पण पाणी थांबलेलं होतं.

"काका, एक विचारू? बाईंना विचारायची भीती वाटते. तुम्ही खरं सांगाल."

भाऊजींनी मागे वळून दाराकडे पाहिलं.

"आईनं खरंच नोकरीसाठी केलं? मला राहून राहून वाटतंय, ती काहीतरी लपवतेय. एवढ्यासाठी कुणी असं करतं का हो? दुसरं काही असेल तर सांगा. काहीही असू दे, मी ऐकेन. निदान तिच्या घरी परत जाता येईल मला."

सांगितलं तर मुलगी संपणार. नाही सांगितलं तर आई संपणार. भाऊजी इकडे बघितल्यासारखं करत राहिले, तिकडे बघितल्यासारखं करत राहिले. आत्ता वहिनी बाहेर याव्यात म्हणून त्यांनी मनातल्या मनात सगळ्या देवांचा धावा केला. वहिनी आल्या नाहीत.

"काका?"

"नोकरीसाठीच," भाऊजी म्हणाले. "दुसरं काही नाही."

तिनं मान हलवली. पिशवी खांद्याला अडकवली, त्यांच्या पाया पडली, "फार उपकार झाले" म्हणाली, आणि गेली. जाताना एकदाही वळली नाही.

थोड्या वेळानं रंगाऱ्याची बायको पदर सावरत फाटकापाशी आली. रस्त्याच्या दोन्ही टोकांना तिनं पाहिलं.

"गेली का?" तिनं विचारलं. "सकाळपासून जेवली नव्हती हो ती."